बावन्न विरुद्ध बावन्न
ऑलिंपिकमधील महिलांच्या सॉफ्टबॉलची हकीकत

वाचकहो, सॉफ्टबॉल या नावावर जाऊ नका. या खेळाचा चेंडू मऊ नसतो. बेसबॉलच्या चेंडूपेक्षा तो आकाराने मोठा, बारा इंच परिघाचा असतो, आणि अंगावर बसला तर नावाचा अर्थ क्षणात विसरायला होते. पिचर तो खांद्याखालून, हाताचे पूर्ण चक्र फिरवून फेकते. तिच्यापासून होम प्लेटपर्यंतचे अंतर आज त्रेचाळीस फूट, बेसबॉलमध्ये साठ फुटांहून थोडे अधिक. त्यामुळे चेंडूचा वेग बेसबॉलपेक्षा कमी असला तरी फलंदाजाला विचार करायला मिळणारा वेळ जवळपास तितकाच, म्हणजे अर्ध्या सेकंदाहूनही कमी! तरीही हा खेळ म्हणजे 'मुलींसाठी सोपा करून दिलेला बेसबॉल' असा समज जगभर पसरलेला आहे. आपल्याकडच्या शालेय क्रीडास्पर्धांत सॉफ्टबॉल खेळला जातो, म्हणून कित्येक विद्यार्थिनींना त्याची ओळख आहे. मात्र ऑलिंपिकच्या दारात या खेळाला किती वेळा उभे राहावे लागले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ती हकीकत येथे सांगावयाची आहे.

खेळाचा जन्म गमतीचा आहे. सन १८८७ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात एका क्लबात काही तरुण दोन विद्यापीठांमधील फुटबॉल सामन्याच्या निकालाची वाट पाहत बसले होते. निकाल कळल्यावर आनंदाच्या भरात एकाने मुष्टियुद्धाचा हातमोजा दुसऱ्याकडे फेकला आणि त्याने तो काठीने टोलवला. जॉर्ज हॅनकॉक नावाच्या वार्ताहराने त्यातून घरात खेळायचा बेसबॉल तयार केला. 'सॉफ्टबॉल' हे नाव पुढे १९२६ मध्ये मिळाले. महिलांची पहिली जागतिक स्पर्धा १९६५ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झाली; त्यात पाच देश उतरले आणि यजमान ऑस्ट्रेलियाने अंतिम सामन्यात अमेरिकेला एका धावेने हरविले. हे सनावळीचे झाले. खरी गोष्ट पुढे आहे.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात डॉट रिचर्डसन नावाची एक मुलगी वाढत होती. तिच्या हातात जात्याच कसब होते. मुलांच्या बेसबॉल संघाच्या एका प्रशिक्षकाने तिचा खेळ पाहिला आणि तो खूष झाला. त्याने तिला संघात घेण्याची तयारी दाखवली, पण अट घातली: केस कापून टाकायचे आणि 'बॉब' या मुलाच्या नावाने खेळायचे. मुलीने नकार दिला. खेळायचे तर स्वतःच्या नावाने, हा तिचा हट्ट. पुढे ती सॉफ्टबॉलकडे वळली आणि तेराव्या वर्षीच मोठ्या स्त्रियांच्या वरच्या दर्जाच्या संघात खेळू लागली.

याच सुमारास, १९७२ साली, अमेरिकेत एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. कायद्याच्या मूळ मजकुरात खेळांचा उल्लेखही नव्हता. पण महाविद्यालयांत मुलींचे संघ निघाले, शिष्यवृत्त्या मिळू लागल्या, मैदाने झाली, ती या कायद्यामुळे. १९८२ साली राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेची मुलींची सॉफ्टबॉल स्पर्धा प्रथमच झाली. ती लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाने जिंकली आणि त्या संघात डॉट रिचर्डसन होती. पालकांनी एवढे ध्यानात घ्यावे, की ही मुलगी नंतर वैद्यकीय शिक्षण घेऊन हाडांची शल्यविशारद झाली. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये ती उतरली तेव्हा तिचे वय ३४ होते आणि रुग्णालयातले तिचे प्रशिक्षण अजून पुरे व्हायचे होते. खेळ की अभ्यास, असा प्रश्न आपल्या घरोघर विचारला जातो. तिच्या घरी त्याचे उत्तर 'दोन्ही' असे निघाले.

आशियाई क्रीडास्पर्धांत महिलांचा सॉफ्टबॉल १९९० साली बीजिंग येथे आला. ऑलिंपिक समितीने १९९१ मध्ये त्याला मान्यता दिली आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये तो पहिल्यांदा पदकासाठी खेळला गेला. जागतिक स्पर्धेपासून मोजले तर मान्यतेसाठीच सव्वीस वर्षे गेली. गंमत अशी की, सामने अटलांटा शहरात झालेच नाहीत. दीडशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या कोलंबस गावच्या जुन्या बेसबॉल मैदानावर झाले. आठ संघ होते. ऑलिंपिकच्या सॉफ्टबॉलमधला पहिला होमरन डॉट रिचर्डसननेच मारला.

त्या स्पर्धेतला एक सामना मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो. अमेरिका विरुद्ध ऑस्ट्रेलिया. पाचव्या डावात अमेरिकेच्या डॅनियल टायलरने चेंडू मैदानाबाहेर टोलवला. सगळे बेस फिरून ती परत आली, सहकाऱ्यांनी तिला मिठ्या मारल्या आणि त्या गर्दीत होम प्लेटला तिचा पाय लागायचा राहून गेला. ऑस्ट्रेलियाने दाद मागितली. पंचांनी तिला बाद दिले. हातात आलेली धाव गेली. पुढे सामना बरोबरीत दहाव्या डावापर्यंत लांबला. तेथून नियम असा, की फलंदाजीला येणाऱ्या संघाची एक धावपटू आयतीच दुसऱ्या बेसवर उभी करायची. अमेरिकेने एक धाव काढली. अमेरिकेची पिचर लिसा फर्नांडिस हिने तोपर्यंत ऑस्ट्रेलियाच्या एकाही फलंदाजाला बेसवर पोचू दिले नव्हते. दोन बाद झाल्या होत्या, एक बाद झाली की सामना संपणार होता. त्याच वेळी जोअॅन ब्राऊनने होमरन ठोकला. दोन धावा, ऑस्ट्रेलिया विजयी! एक पाऊल चार अंगुळे बाजूला पडले त्याची ही किंमत. अमेरिकेचा त्या स्पर्धेतला हा एकमेव पराभव. अंतिम सामन्यात चीनला ३-१ असे हरवून त्यांनी सुवर्णपदक घेतले; निर्णायक होमरन पुन्हा डॉक्टरीणबाईंचाच होता. ऑस्ट्रेलियाला कांस्य मिळाले.

सन २००० मध्ये सिडनीला अमेरिकेचा संघ शंभराहून अधिक सामने सलग जिंकून आला होता. तेथे जपान, चीन आणि ऑस्ट्रेलिया यांनी त्याला लागोपाठ तीनदा हरवले. तरी तो सावरला आणि अंतिम फेरीत पोचला. समोर जपान होता, त्या स्पर्धेत तोपर्यंत एकही सामना न हरलेला. जपानच्या रेका उत्सुगीने होमरन मारून संघाला आघाडी मिळवून दिली. हे नाव लक्षात असू द्या. ते पुन्हा येणार आहे. पण पावसात आठव्या डावात जपानच्या क्षेत्ररक्षकाच्या हातून चेंडू निसटला आणि अमेरिका २-१ ने जिंकली.

अथेन्सला २००४ साली तर चुरस उरलीच नाही. अमेरिकेने नऊच्या नऊ सामने जिंकले, एक्कावन्न धावा केल्या आणि प्रतिपक्षाला सगळ्या स्पर्धेत मिळून एकच धाव दिली. तीही अंतिम सामन्यात, ऑस्ट्रेलियाला. वृत्तपत्रांनी या संघाचे मनसोक्त कौतुक केले. मात्र ऑलिंपिक समितीच्या काही सदस्यांना हाच आकडा खुपला. ज्या खेळात एकच देश इतका पुढे आहे आणि जो थोड्याच देशांत मनापासून खेळला जातो, तो ऑलिंपिकमध्ये ठेवावा कशाला, असा सूर निघू लागला.

जुलै २००५ मध्ये सिंगापूर येथे समितीची सभा भरली. अठ्ठावीस खेळांपैकी प्रत्येकावर गुप्त मतदान झाले. खेळ टिकण्यासाठी निम्म्याहून अधिक मते हवी होती. बेसबॉलला ५० अनुकूल व ५४ प्रतिकूल मते पडली. सॉफ्टबॉलला ५२ अनुकूल, ५२ प्रतिकूल. एका सदस्याने मतच दिले नाही. बरोबरी म्हणजे बहुमत नव्हे, म्हणून सॉफ्टबॉल २०१२ च्या ऑलिंपिकमधून गेला. १९३६ नंतर पोलो वगळला गेला होता. त्यानंतर ऑलिंपिकबाहेर काढले गेलेले पहिले खेळ हे दोन.

बेसबॉलविरुद्ध सबळ तक्रारी होत्या. अमेरिकेतील व्यावसायिक संघ आपले नामांकित खेळाडू ऑलिंपिकसाठी सोडत नसत, आणि तिथल्या उत्तेजक द्रव्यांच्या तपासणीबद्दलही नाराजी होती. सॉफ्टबॉलच्या मुलींना यातले काहीही लागू नव्हते. त्यांचे सर्वोत्तम खेळाडू ऑलिंपिकला येत होते. त्यांच्यासाठी त्याहून मोठी स्पर्धाच नव्हती. परंतु जगाच्या नजरेत सॉफ्टबॉल ही बेसबॉलची धाकटी बहीण, आणि थोरल्या भावाच्या कर्माचे फळ धाकट्या बहिणीच्या पदरात पडले. हे माझे मत झाले. ते सर्वांना पटेलच असे नाही. तथापि एक मत इकडे पडले असते तर ही चर्चा करण्याची वेळच आली नसती, हे कोणीही मान्य करील. १९९६ मध्ये चार अंगुळांनी सामना गेला होता. २००५ मध्ये एका मताने खेळ गेला.

बीजिंगचे ऑलिंपिक २००८ साली व्हायचेच होते. निरोपाची ती स्पर्धा होती आणि तिने एक माणूस जगाला दाखवला: जपानची पिचर युकिको उएनो. २० ऑगस्टला जपानचा उपांत्य सामना अमेरिकेशी झाला. तो नऊ डाव चालला आणि जपान हरला. स्पर्धेच्या पद्धतीनुसार हरलेल्या संघाला आणखी एक संधी होती, म्हणून त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाशी दुसरा सामना. तो बारा डाव चालला आणि जपानने ४-३ असा जिंकला. दोन्ही सामने उएनोने एकटीने टाकले, एका दिवसात ३१८ चेंडू. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना, पुन्हा उएनो, आणखी ९५ चेंडू. एकूण ४१३. आपल्या क्रिकेटच्या हिशेबाने ही जवळजवळ ६९ षटके होतात! जपानने अमेरिकेला ३-१ असे हरवले. एकच देश नेहमी जिंकतो ही तक्रार मैदानावर खोटी ठरली. पण मतदान तीन वर्षांपूर्वीच उरकले होते.

पदके दिल्यावर तिन्ही संघांच्या मुली होम प्लेटजवळ जमल्या आणि त्यांनी जमिनीवर चेंडू मांडून '२०१६' हा आकडा काढला. २०१२ चे दार बंद होते, निदान २०१६ चे तरी उघडावे, ही मागणी. तीही मान्य झाली नाही. २०१६ साठी गोल्फ आणि रग्बी निवडले गेले. पुढे २०१३ मध्ये २०२० च्या स्पर्धेसाठी मतदान झाले, तेव्हा बेसबॉल-सॉफ्टबॉलच्या एकत्रित अर्जाला २४ मते पडली आणि कुस्तीला ४९. आपल्या कुस्तीप्रेमी महाराष्ट्राला या निकालाचे दुःख झाले नसणार, हे उघड आहे.

विद्यार्थिनींनो, थोडा हिशेब करा. २००८ साली जी मुलगी पंधरा वर्षांची होती आणि ऑलिंपिकचे स्वप्न पाहत होती, ती सॉफ्टबॉल परत आला तेव्हा अठ्ठावीस वर्षांची झाली होती. खेळाडूची ऐन उमेदीची वर्षे तीच. कितीतरी मुलींच्या बाबतीत ही वर्षे सबंध या दोन तारखांच्या मध्ये येऊन गेली. त्यांची नावे पदकविजेत्यांच्या यादीत शोधून सापडणार नाहीत. अमेरिकेची पिचर कॅट ऑस्टरमन हिने २०१५ मध्ये खेळातून निवृत्ती घेतली होती. दार उघडल्याचे पाहून ती पुन्हा तयारीला लागली. उएनो मात्र थांबलीच नाही. जपानमध्ये मोठ्या कंपन्या महिलांचे संघ ठेवतात. ताकासाकी गावच्या अशाच कंपनी-संघातून ती वर्षामागून वर्षे चेंडू टाकत राहिली.

२०२० चे यजमानपद टोकियोला मिळाले होते, आणि यजमानांना काही खेळ सुचविण्याची मुभा देणारा नियम दरम्यान झाला होता. जपानने अर्थातच हे दोन खेळ सुचविले. २०१६ मध्ये ते मान्य झाले, पण त्या एका स्पर्धेपुरतेच. साथीमुळे ती स्पर्धा २०२१ मध्ये गेली. २१ जुलै रोजी, उद्घाटन समारंभाच्याही आधी, ऑलिंपिकचा पहिला सामना झाला तो सॉफ्टबॉलचा, भूकंप आणि अणुभट्टीच्या दुर्घटनेने पोळलेल्या फुकुशिमा प्रांतात. प्रेक्षागृह रिकामे होते. जपानने ऑस्ट्रेलियाला ८-१ असे हरवले. पहिला चेंडू टाकला उएनोने. दुसऱ्या दिवशी तिने एकोणचाळीसावे वर्ष पूर्ण केले.

अंतिम सामना २७ जुलैला योकोहामा येथे, पुन्हा अमेरिकेशीच झाला. सहाव्या डावात जपान दोन धावांनी पुढे असताना अमेरिकेच्या अमांडा चिडेस्टरने जोरकस फटका मारला. चेंडू तिसऱ्या बेसवरील यामामोतोच्या मनगटावर आदळून उडाला. शेजारच्या मना अत्सुमीने तो जमिनीवर पडण्यापूर्वी टिपला आणि दुसऱ्या बेसकडे फेकून बेस सोडलेल्या धावपटूलाही बाद केले. त्या डावात चेंडू टाकत होती वीस वर्षांची मिउ गोतो. सॉफ्टबॉलमध्ये बाहेर गेलेली खेळाडू एकदा परत येऊ शकते. शेवटच्या डावाला उएनो परत आली आणि तिने सामना संपवला. जपान २, अमेरिका ०. जपानची प्रशिक्षक कोण होती? सिडनीच्या अंतिम सामन्यात होमरन मारूनही हरलेली रेका उत्सुगी.

पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल नव्हता. त्यापुढचा निर्णय मात्र आपल्या मुंबईत झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ऑलिंपिक समितीची सभा तेथे भरली आणि लॉस एंजेलिसच्या २०२८ च्या स्पर्धेसाठी पाच खेळ मंजूर झाले. आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत क्रिकेट आले, ते स्वाभाविकच होते. त्याच ठरावात बेसबॉलच्या जोडीने सॉफ्टबॉलचेही नाव होते. सामने पुन्हा यजमान शहराबाहेरच व्हायचे ठरले आहे. या खेपेला दीडशे नव्हे, सुमारे दोन हजार किलोमीटर दूर ओक्लाहोमा शहरात. त्याचे कारण मात्र मानाचे आहे. महाविद्यालयीन मुलींची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा दरवर्षी जेथे होते आणि तिकिटे काढून हजारो लोक जी पाहायला येतात, ते सॉफ्टबॉलसाठीच बांधलेले मोठे क्रीडागार तेथे आधीपासून उभे आहे.