पुराणश्रवण : आपल्या पूर्वजांची वाचनरीती

ग्रंथ हाती घेऊन एकांतात मनातल्या मनात वाचणे ही आजची रीत होय. आपल्या पूर्वजांच्या ठायी वाचन म्हणजे मुख्यत्वे श्रवण. हस्तलिखित पोथीतील शब्द एकमेकांस जोडून लिहिलेले असत. कोठे पद तोडावे आणि कोठे थांबावे, हे वाचणाराच ठरवी. देवालयाच्या सभामंडपात पुराणिकाने मूळ वाचावे, त्याचा प्राकृतात अर्थ सांगावा आणि श्रोत्यांनी तो आपल्या आचाराशी ताडून पाहावा, असा क्रम असे. त्यामुळे अक्षरओळख नसलेलेही ग्रंथांचे जाणकार झाले.

गोमंतकातील याचा जुना दाखला म्हणजे केळशीचे कृष्णदास शामा. शके १४४८ मध्ये, म्हणजे इ. स. १५२६ साली, त्यांनी भागवताच्या दशमस्कंधाच्या आधारे मराठी ओवीत श्रीकृष्णचरित्र रचावयास घेतले. ऐकणाऱ्यास उमजेल अशा वाणीत कथा पुन्हा सांगणे, हाच त्या काळी ग्रंथाचा अर्थ लावण्याचा एक मान्य मार्ग होता.

पुढे सुमारे चाळीस वर्षांतच ते सभामंडप उरले नाहीत. इ. स. १५६७ साली साष्टीतील देवालये पाडण्यात आली. केळशीच्या श्रीशांतादुर्गेस कवळ्यास आणावे लागले. पुराणेही निषिद्ध ठरली. तथापि श्रवणाची ओढ बंदीने मावळली नाही. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे छापले गेले. त्याच्या आरंभी एक धर्मांतरित ब्राह्मण पाद्रीस विनवितो, की जुनी पुराणे आम्हांस मना केलीत, तर त्यांच्या जागी दुसरे पुराण द्यावे. धर्म बदलला, पण ऐकण्याची रीत तीच राहिली. म्हणून नवा विषयही ओवीतच सांगावा लागला.

ज्यांनी पुराणे मना केली, त्यांनी ती अभ्यासिलीही. जेझुइटांनी रोमन लिपीत उतरविलेल्या रामायण-महाभारतातील कथा पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आजही आहेत. भाविक त्या पुण्यासाठी ऐके. मिशनरी भाषा शिकण्यासाठी आणि खंडनासाठी वाची. कथा त्याच, परंतु वाचणाऱ्याच्या हेतूप्रमाणे अर्थ पालटला.

आपल्या महाजन घराण्यांतून अद्यापि पोथ्या आहेत. दसऱ्यास त्यांवर गंधफूल वाहिले जाते, परंतु रुमाल क्वचितच सुटतो. पोथी पूजेत राहावी, हे योग्यच. पण वर्षातून निदान एकदा ती चारचौघांत वाचली जावी आणि तिचा अर्थ बोलला जावा. पूर्वजांनी तिची जपणूक केली ती याचसाठी.