नळीत राहिलेलं

माझा आणि बंदुकीचा संबंध तसा फार जवळचा. सहा फुटांचा. माझ्या काउंटरपासून शाखेच्या दारापर्यंत तेवढंच अंतर आहे आणि दारात आमचे सुभेदारसाहेब दुनळी घेऊन बसतात. वर्षातून एकदा ते चांदमारीला जातात आणि परत आल्यावर स्ट्राँगरूमच्या बोळात बंदूक साफ करतात. परवा तो वास हॉलभर पसरला. मॅनेजरसाहेबांना वायर जळाल्याची शंका आली. ठेवी विभागातल्या बाईंनी कुणाच्या तरी डब्यावर संशय घेतला. मी पडलो इतिहास वाचणारा माणूस. छाती फुगवून म्हणालो, "गंधकाचा वास आहे हा! बंदुकीची दारू!"

"गंधक फटाक्यात, साहेब," नळीतून चिंधी ओढत सुभेदारसाहेब म्हणाले. "ह्यात कुठून येणार?"

बी.कॉम.च्या माणसाला चूक निघाली की ताळा केल्याशिवाय झोप लागत नाही. घरी जाऊन पुस्तकं उपसली.

काळ्या दारूचा हिशेब सोपा. सोरा ७५, कोळसा १५, गंधक १०. बेरीज बरोबर शंभर. घोटाळा होतो तो बार उडाल्यावर. या शंभरातला निम्म्याहून अधिक भाग वायू होतच नाही. काही धूर होऊन समोरचं दिसेनासं करतो, उरलेला काळा थर होऊन नळीला चिकटून बसतो. आमच्या भाषेत बुडीत कर्ज. पाणी घालून तो धुवायला जावं, तर सडक्या अंड्यांचा वास सुटतो. हा गंधकाचा प्रताप.

या थरानं आपल्या इतिहासातही हात घातला. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल तोंडाकडून भरावी लागे. काही बार झाले की नळी अशी माखायची की पुढची गोळी ठासता ठासेना. थर मऊ राहावा म्हणून काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला चरबी लावत, आणि काडतूस दातानं फोडायची रीत होती. चरबी कोणत्या जनावराची, हे कंपनी सरकारला छातीठोकपणे सांगता येईना. २४ एप्रिल १८५७ रोजी मीरतेला ९० स्वारांपैकी ८५ जणांनी काडतुसं घ्यायचं नाकारलं. खरं तर ती काडतुसं जुन्याच पद्धतीची होती. पण पत उडाली की खरी नोटसुद्धा कुणी घेत नाही. त्यांना बेड्या पडल्या आणि १० मे रोजी मीरत पेटलं. उठावाची कारणं खोल होती, हे आपण शाळेत पाठ केलंय. पण दारू स्वच्छ जळती, तर चरबीवाचून इतकं अडलं नसतं, हेही खरंच.

१८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच गृहस्थांनी बिनधुराची दारू काढली, १८८९ मध्ये इंग्रजांनी कॉर्डाइट. गंधक गेलं, कोळसा गेला, धूर गेला. नळी कशी लख्ख! आणि त्याच लख्ख नळ्या तेल लावूनही गंजू लागल्या. दोष अर्थातच नव्या दारूला. आमच्याकडे जसा कॉम्प्युटरला. १९२२ मध्ये अमेरिकेच्या खाण विभागातल्या विल्बर्ट हफ यांनी खरा चोर दाखवून दिला. काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते. तिच्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळून जो क्षार उरतो, तो आपल्या मिठाचा सख्खा भाऊ. त्याला वास नाही. दमट हवेत तो लोखंड खातो. तेलानं जात नाही, पाण्यानं जातो. काळ्या दारूच्या काळात शिपाई नळी पाण्यानं धूत, कारण घाण दिसे आणि नाकाला झोंबे. तिच्याबरोबर हाही निमूट वाहून जाई. घाण दिसेनाशी झाली, धुणं सुटलं आणि गंज आला.

इथवर आलो आणि पुस्तक मिटलं. कॉलेजातला एन.सी.सी.चा कॅम्प आठवला. कोकणातली दमट हवा, थ्री-नॉट-थ्री, एका रायफलीवर मी आणि माझा एक मित्र. उस्तादांनी बजावलं होतं, "पहले उबलता पानी, फिर फुलथ्रू, फिर तेल!" साफ करायची पाळी माझी. पाण्यापुढे ही रांग, आणि तिकडे जेवणाची शिट्टी झालेली. मी नळीतून पाहिलं, चकचकीत. हुंगून पाहिलं; ठीक. तेलाची चिंधी फिरवली आणि म्हणालो, "साफ केली, उस्ताद."

सकाळी नळीत तपकिरी ठिपके. रायफल मित्राच्या नावावर होती. ती डोक्यावर धरून त्यानं मैदानाला पाच फेऱ्या मारल्या. मी रांगेत सावधान उभा होतो. त्यानं कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही.

तो आता आमच्याच शाखेचा खातेदार आहे. दिसला की मी रांग मोडून त्याचं पासबुक छापून देतो, चहा सांगतो. बँकेची सेवा फार सुधारली, असं तो गावभर सांगतो.

हे सगळं तेल झालं. नळीला पाणी लागतं, हे १९२२ पासून ठाऊक आहे. येत्या सोमवारी तो येणार आहे. सांगून टाकायचं ठरवलंय.

सोमवारी गर्दी फार असते म्हणा.