अवरक्त किरण टिपण्यासाठी पाऱ्याचे संयुग का वापरतात?

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अवरक्त किरण उत्सर्जित करते. मानवी शरीरातून बाहेर पडणाऱ्या या किरणांची तीव्रता सुमारे १० मायक्रोमीटर तरंगलांबीला सर्वाधिक असते. हे किरण टिपायला नेहमीच्या कॅमेऱ्यातील सिलिकॉन उपयोगी पडत नाही. अर्धवाहकात जखडलेला इलेक्ट्रॉन मुक्त करण्यासाठी ठरावीक किमान ऊर्जा लागते. तिला ऊर्जा-अंतर म्हणतात. सिलिकॉनमध्ये ते सुमारे १.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, तर १० मायक्रोमीटरच्या प्रकाशकणाची ऊर्जा जेमतेम ०.१२ इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते.

ही अडचण सोडविणारे संयुग इंग्लंडमधील मालव्हर्न येथील रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये तयार झाले. डब्ल्यू. डी. लॉसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. कॅडमियम टेल्युराइडचे ऊर्जा-अंतर सुमारे १.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. मर्क्युरी टेल्युराइडमध्ये ते नसतेच. या दोहोंची स्फटिकरचना सारखी असल्याने ती कोणत्याही प्रमाणात एकत्र येतात आणि प्रमाण बदलले की ऊर्जा-अंतरही बदलते. पारा व कॅडमियमच्या एकूण अणूंत कॅडमियमचे अणू सुमारे ३० टक्के असतील, तर ३ ते ५ मायक्रोमीटरचे आणि २० टक्के असतील, तर ८ ते १४ मायक्रोमीटरचे किरण टिपता येतात. वातावरणात फारसे शोषले न जाणारे अवरक्त किरण याच दोन पट्ट्यांत येतात. इंडियम अँटिमोनाइड हे दुसरे संयुग मात्र साडेपाच मायक्रोमीटरच्या पुढे निरुपयोगी ठरते.

या लवचीकपणाची किंमतही मोजावी लागते. पारा व टेल्युरियम यांच्यातील बंध दुबळा असतो. स्फटिक वाढविताना पाऱ्याच्या वाफेचा दाब वाढून बंद क्वार्ट्‌झ नळी फुटू शकते. घटकांचे प्रमाण किंचित ढळले, तरी टिपली जाणारी तरंगलांबी बदलते. शिवाय ऊर्जा-अंतर कमी असल्याने संयुगाच्या स्वतःच्या उष्णतेनेच इलेक्ट्रॉन मुक्त होतात व खरा संकेत झाकला जातो. म्हणून दीर्घ तरंगलांबीचे शोधक द्रवरूप नायट्रोजनच्या तापमानाइतके, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवतात. साध्या उष्णताचित्रण कॅमेऱ्यांत अशा शीतकरणाविना चालणारे, पण कमी संवेदनशील शोधक असतात.

जिथे अत्यंत क्षीण किरण टिपायचे असतात, तिथे हा खर्च सार्थ ठरतो. डिसेंबर २०२१ मध्ये अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीच्या निकट-अवरक्त कॅमेऱ्यात हेच संयुग आहे. त्यातील एक प्रकारचे शोधक सुमारे अडीच आणि दुसरे सुमारे पाच मायक्रोमीटरपर्यंतचे किरण टिपतात. दोहोंतील फरक मुख्यतः कॅडमियमच्या प्रमाणाचा आहे.