प्रवासाला निघण्याआधी विमा : काय घ्यावं, काय तपासावं

मुळशी तालुक्यातली आपली कुटुंबं लांबच्या प्रवासाला साधारण तीन वाटांनी निघतात. लग्नकार्यासाठी ताम्हिणी घाटातून कोकणात, पुणे स्टेशनवरून रेल्वेने परराज्यात, आणि विमानाने उमराहला किंवा आखाती देशात असलेल्या मुलांकडे. तिन्ही वाटांचा विमा वेगवेगळा असतो. त्यामुळे "आमचा विमा आहे" एवढं म्हणून भागत नाही. कशाचा आहे, किती रकमेचा आहे आणि कशाला लागू नाही, हे निघण्याआधी माहीत हवं.

घरात आधीच काय आहे?

नवीन पॉलिसी घेण्याआधी बँकेचं पासबुक पाहा. मे-जूनच्या सुमारास २० रुपये कापले गेले असतील, तर ती बहुधा प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असते. १८ ते ७० वयाच्या खातेदाराचा अपघाती मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे असतं. खात्यात पैसे नसल्याने हप्ता कापला गेला नाही, तर विमा चालू राहत नाही.

सात-बाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्यासाठी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यासाठी राज्याची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. वय १० ते ७५ असावं लागतं. अपघाती मृत्यूला २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकारी कार्यालयात ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. दुःखाच्या दिवसांत ही मुदत निघून जाते, म्हणून घरातल्या एकाला तरी ती ठाऊक असावी.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत होतात. परदेशात मात्र ही योजना कामाला येत नाही.

रस्त्याचा प्रवास

२० डिसेंबर २०२४ रोजी पुण्याहून महाडकडे लग्नाला निघालेली खासगी बस ताम्हिणी घाटात उलटली आणि पाच जणांचा जीव गेला. अशा वेळी भाड्याच्या बसमधल्या प्रवाशांना बसच्या विम्यातून भरपाई मागता येते. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात करायचा असतो.

खासगी गाडीचं तसं नाही. गाडीचा फक्त थर्ड पार्टी विमा असेल, तर आत बसलेल्या पाहुण्यांना साधारणपणे त्यातून भरपाई मिळत नाही. त्यासाठी पॅकेज म्हणजे संपूर्ण विमा लागतो. आणखी एक गोष्ट आपल्याकडे सर्रास होते : ओळखीच्या माणसाची पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी डिझेल आणि भाडं देऊन ठरवायची. ही गाडी भाड्यावर चालवायची परवानगी नसते, आणि अपघात झाला की विमा कंपनी नेमकं तेच कारण पुढे करते. वऱ्हाडासाठी किंवा विमानतळावर जायला पिवळ्या पाटीचीच गाडी ठरवा.

रेल्वे

आयआरसीटीसीवर ई-तिकीट काढताना प्रवाशामागे ४५ पैशांत विमा मिळतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला साडेसात लाखांपर्यंत आणि दवाखान्याच्या खर्चाला २ लाखांपर्यंत रक्कम आहे. तिकीट कन्फर्म किंवा आरएसी असावं लागतं. खिडकीवर काढलेल्या तिकिटाला हा विमा नाही. विमा घेतल्यावर कंपनीचा मेसेज येतो. त्यातली लिंक उघडून वारसाचं नाव भरा. तिकीट एजंटकडून काढलं असेल, तर मोबाइल नंबर आपलाच द्या, नाहीतर हा मेसेज एजंटकडेच जातो.

उमराह आणि परदेश प्रवास

उमराहच्या व्हिसासोबतच सौदी सरकारचा विमा येतो. त्यात अचानक उद्भवलेल्या आजाराच्या उपचारांसाठी १ लाख रियालपर्यंतची तरतूद आहे. पण अब्बांची शुगर किंवा अम्मींचं ब्लड प्रेशर यांची नेहमीची तपासणी आणि औषधं त्यात धरू नका. औषधं संपूर्ण प्रवासाला पुरतील एवढी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह सोबत न्या.

टूरवाला "इन्शुरन्स पॅकेजमध्येच आहे" म्हणाला, तर तो व्हिसाचाच विमा आहे की वेगळी पॉलिसी काढली आहे, हे विचारा. वेगळी असेल तर पॉलिसी नंबर आणि कागद हातात घ्या. युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

काही घरांत विमा शरीअतमध्ये बसतो का, हा प्रश्न असतो. व्हिसासोबत येणारा सक्तीचा विमा आणि आपण हौसेने घेतलेला विमा यांत फरक आहे. वरची पॉलिसी घ्यायची की नाही, हे आपल्या आलिमांना विचारून ठरवा.

पॉलिसी घेताना हे पाहा

– जुने आजार लपवू नका. फॉर्म एजंट भरत असला, तरी सही करण्याआधी वाचा. आजार लपवला हे कळलं, की दावा नाकारला जातो.
– जुन्या आजारातून अचानक जीवावर बेतलं तर किती रक्कम मिळते, हे लिहून घ्या.
– प्रत्येक दाव्यात सुरुवातीची किती रक्कम आपल्या खिशातून जाणार, ते पाहा.
– विम्याची तारीख घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत असावी.
– नाव आणि जन्मतारीख पासपोर्टप्रमाणेच असावी.
– मय्यत परत आणण्याचा किंवा तिथेच दफन करण्याचा खर्च धरला आहे का, हे विचारा.

दावा करायची वेळ आली तर

दवाखान्यात दाखल होताच पॉलिसीवरच्या मदत क्रमांकावर फोन करा. बिलं, रिपोर्ट आणि डिस्चार्जचे कागद मूळ स्वरूपात जपा. सामान हरवलं तर विमानतळावरून बाहेर पडण्याआधी विमान कंपनीकडून लेखी दाखला घ्या. सौदीत पासपोर्ट हरवला तर पोलिसात नोंद करून भारतीय दूतावासाकडे जा. मक्का आणि मदिनेसाठी जेद्दाहचा भारतीय वाणिज्य दूतावास आहे.

दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येतं. त्यांचं पुणे कार्यालय नारायण पेठेत आहे. फी नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे ऐकले जातात. विमा नियामकाच्या १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

निघण्याआधी पॉलिसी, पासपोर्ट आणि तिकिटाची एक प्रत घरी राहणाऱ्या माणसाकडे द्या. फोन लागत नसला आणि कागद सामानात अडकले असले, तरी घरातला माणूस कंपनीशी बोलू शकतो.