दुधाच्या दाढा आणि कोरण्याचा अतिरेक

किडलेला भाग समूळ कोरावा, शिवाय लगतचा निरोगी भागही थोडा कापून खड्डा वाढवावा, म्हणजे भरणाच्या कडेने कीड पुन्हा शिरणार नाही, हे सूत्र अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांनी १८९१ च्या सुमारास मांडले. ते अविचाराचे नव्हते. चांदी-पाऱ्याचे मिश्रण दाताला चिकटत नाही. ते अडकून राहावे असा खड्डाच कोरावा लागे. भरण टिकावे म्हणून दात खर्ची घालण्याचा हा व्यवहार प्रौढाच्या दाढेस एक वेळ परवडे. दुधाच्या दाढेचे कवच पातळ आणि आतील मज्जा मोठी असल्याने तेथे तो महागात पडे. यंत्राच्या घरघरीने मूल बिथरे, ते निराळेच.

या व्यवहाराचा पायाच १९७२ मध्ये ढळला. लंडनच्या सरकारी रसायनशाळेतील विल्सन व केंट यांनी वर्णिलेले काचचूर्णाचे नवे सिमेंट दाताला स्वतःच चिकटत असे व फ्लोराइडही सोडत असे. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास टांझानियात, जेथे वीज नाही तेथे यंत्र कोठून असणार, अशा स्थितीत यो फ्रेंकेन यांनी केवळ हातातील हत्यारांनी मऊ झालेला भाग खरवडून हे सिमेंट भरण्यास आरंभ केला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये या पद्धतीचा पुरस्कार केला. गरिबीतून निघालेली ही तोड पुढे सधन देशांतील बालदंतवैद्यांनीही उचलली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

मात्र टिकाऊपणाचा प्रश्न तिने अर्धाच सोडविला. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संकलनानुसार दुधाच्या दातांतील एकाच पृष्ठावरील अशी भरणे दोन वर्षांत ९३ टक्के टिकली. दोन वा अधिक पृष्ठांवरची मात्र ६२ टक्केच. आणि मुलांची कीड तर बहुधा दोन दाढांच्या फटीतच लागते!

येथे स्कॉटलंडमधील नॉर्ना हॉल यांचे धाडस आठवते. १९८८ पासून त्या दाढ बधिर न करता, कीड मुळीच न कोरता, तयार पोलादी टोपी सिमेंटने दाढेवर दाबून बसवीत. आत कोंडलेल्या जंतूंचे पोषण तुटते व कीड थबकते, असा यातील तर्क. चावा काही आठवडे उंच राहतो, मग आपोआप जुळतो. कोरणे हाच धर्म मानणाऱ्यांना हे पाखंड वाटले, यात नवल नाही. परंतु १३२ मुलांच्या, प्रत्येकी एक दाढ टोपीची व एक नेहमीच्या भरणाची, अशा टेसाइडमधील तुलनेचे पाच वर्षांचे फळ २०११ मध्ये हाती आले. गळू, मज्जेचा दाह यांसारखे मोठे अपयश टोपीखाली ३ टक्के होते, तर भरणाखाली १६.५ टक्के; किरकोळ बिघाड अनुक्रमे ५ आणि ४२ टक्के.

पुढे ब्रिटनमध्ये १,१४४ मुलांवर नेहमीची भरणे, कीड कोंडणे आणि केवळ प्रतिबंध या तीन मार्गांची तुलना झाली. २०२० च्या सुमारास आलेल्या तिच्या निष्कर्षांत मुलांच्या वेदनेत वा जंतुसंसर्गात तिन्ही गटांत ठळक फरक आढळला नाही.