एसीचा टन आणि बर्फाचा हिशेब

‘दीड टनाचा एसी लावलाय, तरी खोली थंड होत नाही,’ ही तक्रार मे महिन्यात विदर्भात घरोघरी ऐकू येते. मेकॅनिक येतो, ‘गॅस कमी झालाय’ म्हणतो, गॅस भरतो, पैसे घेतो. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. यंत्र खरोखरच बिघडले आहे का, हे ताडताना मला सर्वांत उपयोगी पडला तो ‘टन’ या शब्दाचा इतिहास.

हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे, बर्फाचा. 1833 साली बोस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यांनी ‘टस्कनी’ या जहाजातून कलकत्त्याला बर्फ धाडला. मे महिन्यात 180 टन निघाला, सप्टेंबरात सुमारे 100 टन पोचला. पुढे मुंबई-मद्रासलाही अमेरिकी बर्फ उतरू लागला. मद्रासचे ‘आइस हाउस’ आजही समुद्रकिनारी उभे आहे.

यंत्राने थंडावा मिळू लागला, तेव्हा त्याचे माप लोकांच्या ओळखीच्या याच बर्फात ठरले. 24 तासांत एक अमेरिकी टन, म्हणजे 907 किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता काढून घेणारे यंत्र एक टनाचे. 1902 मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी विलिस कॅरिअर यांनी यंत्रणा आखली. दमट हवेत कागद फुगून रंगांची छपाई सरकत होती, हे तिचे निमित्त. तिचीही ताकद बर्फाच्या वजनातच सांगितली गेली. आपला दीड टनाचा एसी म्हणजे दिवसाला सुमारे 1360 किलो बर्फाचे काम.

पण या मापात एक गोष्ट झाकली जाते. बर्फ उष्णता पोटात घेतो आणि पाणी होऊन जातो. यंत्राला मात्र खोलीतली उष्णता बाहेर नेऊन टाकावी लागते. बाहेरच्या युनिटमधली जाळी बाहेरच्या हवेपेक्षा गरम असेल, तरच ती उष्णता सोडू शकते. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर 35 आणि आत 27 अंश धरून. नागपूर-चंद्रपूरच्या 45 अंशांत तेच यंत्र कमी थंडावा देते आणि वीज मात्र जास्त ओढते. हा बिघाड नव्हे. पण बाहेरच्या युनिटची जाळी धुळीने बुजली असेल, तर उष्णता नीट सुटत नाही; आणि ते बंदिस्त डक्टमध्ये कोंबलेले असेल, तर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढते. त्याच्यापुरता पारा आणखी चढतो.

म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा. आधी आतला फिल्टर धुवावा. मग वीज बंद करून बाहेरची जाळी साफ करावी, भोवती हवा खेळेल असे पाहावे. त्यानंतर साधा थर्मामीटर घ्यावा. एसीत शिरणाऱ्या आणि त्यातून येणाऱ्या हवेत साधारण 8 ते 12 अंशांचा फरक असेल, तर यंत्र बहुधा ठीक आहे. उष्णता तापलेल्या स्लॅबमधून, पश्चिमेच्या खिडकीतून, दारांच्या फटींतून येते आहे. फरक त्याहून बराच कमी असेल, तर मेकॅनिकला बोलवावे. आतल्या जाळीवर बर्फ साचला, तर ‘किती छान थंड होतोय’ असे समजू नये. हवा अडल्याचे किंवा गॅस कमी पडल्याचे ते लक्षण आहे.

गॅस मात्र पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला, तर कुठेतरी गळतोच आहे. गळती न शोधता दरवर्षी गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. मेकॅनिकला आधी विचारावे, ‘गळती कुठे सापडली?’

ट्यूडरचा बर्फ चार महिन्यांचा प्रवास करून उरला, तो जहाजात जादा थंडी निर्माण केली म्हणून नव्हे. उष्णता आत येऊ नये म्हणून जाड वेष्टन केले होते, म्हणून. स्लॅबखालच्या खोलीत दुपार काढणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी दीडचा दोन टन करण्याआधी गच्चीला पांढरा चुना आणि पश्चिमेच्या खिडकीबाहेर पडदा लावून पाहावा. खर्च कितीतरी कमी येतो, आणि लाइट गेली तरी त्यांचे काम थांबत नाही.