व्यसन सुटलं असं कधी म्हणायचं?

आमच्या जैन घरांत सात व्यसनं लहानपणीच पाठ करून घेतात. जुगार, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी, परस्त्रीगमन. या यादीत तंबाखू नाही. असणार तरी कशी? यादी जुनी, आणि तंबाखू आपल्याकडं आली ती पोर्तुगिजांच्या काळात. पुढं आमच्या निपाणीची बाजारपेठच तिच्यावर उभी राहिली. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका दिवसभर तिची धूळ नाकातोंडात घेतात, सकाळी मिसरी लावतात. पण त्यांना व्यसनी कुणी म्हणत नाही. व्यसन म्हणजे दारू आणि व्यसनी म्हणजे पुरुष, हे आपण ठरवूनच टाकलंय. उपचारांचा इतिहासही याच समजुतीवरून चालत आला.

दारूवरचा आमच्याकडचा जुना उपाय म्हणजे नियम. मुनिमहाराजांसमोर हात जोडून उभं राहायचं, नियम घ्यायचा. कित्येकांचा तो जन्मभर टिकतो. पण मोडला, की माणूस लाजेनं महाराजांसमोर जायचंच टाळतो. आधाराची खरी गरज असते तेव्हाच तो एकटा पडतो.

29 ऑगस्ट 1986 ला पुण्यात ‘मुक्तांगण’ सुरू झालं, ते या लाजेवरचा उपाय घेऊन. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली, आणि येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर असलेल्या सुनंदा अवचटांनी काम उभं केलं. व्यसन हा आजार आहे, तो उलटू शकतो. उलटला तर परत यायचं, असं तिथं सांगितलं गेलं. व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच दुसऱ्याला हात देऊ लागली. बायकोचंही ऐकायला हवं म्हणून ‘सहचरी’ गट निघाला.

पण पुण्यापर्यंत जाणार किती जण? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं, की दारूच्या आजारानं ग्रासलेल्या शंभरातल्या 86 जणांना उपचारच मिळत नाहीत. हे सर्वेक्षण 12 राज्यांत झालं. त्यांत महाराष्ट्र नव्हता आणि कर्नाटकही नव्हतं. सीमाभागातल्या माणसाला याचं नवल वाटू नये!

याच सुमाराला घाटाखाली, गोव्यात, ‘संगाथ’ संस्थेच्या संशोधकांनी वेगळी वाट शोधली. 2013 ते 2015 या काळात 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांनी दारूनं नुकसान होऊ लागलेले 377 पुरुष निवडले. सगळ्यांना नेहमीचे उपचार मिळाले. निम्म्यांशी त्याखेरीज जास्तीत जास्त चार बैठकांत कुणीतरी नीट बोललं. बोलणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली गावातलीच साधी माणसं होती. तीन महिन्यांनी विचारलं, तर मागच्या 14 दिवसांत थेंबही न घेतलेले शंभरात 42 निघाले. ज्यांच्याशी असं बोलणं झालं नव्हतं, त्यांच्यात 18. 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं.

मला अडवतो तो त्याच निबंधातला दुसरा निष्कर्ष. बायकोला होणाऱ्या मारहाणीत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. म्हणजे बाटली दूर झाली, तरी हात आपोआप थांबत नाही. ‘दारू सुटली की सगळं नीट होईल’ असं आपण मुलीला सांगत आलो, त्या आशेवर तिला नांदायला परत धाडत आलो. संशोधकांनी मारहाणीचा प्रश्न विचारला म्हणून हे कळलं तरी.

निपाणी-चिकोडीकडच्या आरोग्य केंद्रांत असं काम व्हायला हवं, मराठीत आणि कन्नडमध्येही. मात्र तेव्हा नवऱ्याला ‘किती पिलास?’ विचारणाऱ्यानं बायकोला बाजूला घेऊन ‘घरात कसं आहे?’ हेही विचारावं. आणि ती वखारीतून आलेली असेल, तर तिच्या मिसरीबद्दल, खोकल्याबद्दलही.